ओरिजिनलवाली

कल्याण रोडवरच्या कोन गावात आमच्या शेताचा रस्त्यालगतचा तुकडा गोदामासाठी गेला, त्याच वर्षी बाबांनी मला दुकान टाकून दिलं. भिवंडीत, मंडईच्या मागच्या गल्लीत. डीटीपीचा कोर्स मी आधीच केला होता, ठाण्याच्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका मांडायला शिकले होते, आणि घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला की मी कॉम्प्युटरचा विषय काढायचे. बाबांना ते पटलं की ते नुसते कंटाळले, कोण जाणे. पण कॉम्प्युटर आला, स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी आल्या, आणि मग प्रश्न आला डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा.

गल्लीत हा प्रश्नच नव्हता. शेजारच्या फ्लेक्सवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, सीडी आहे माझ्याकडे. चहा होईपर्यंत टाकून देतो."

बाबा तिथेच स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "कंपनीची हाय का सीडी?"

"कंपनीचीच. कॉपी आहे."

"म्हंजे चोरीची."

फ्लेक्सवाला हसला. "काका, सगळी गल्ली तीच वापरते."

"वापरू दे. आपली जमीन गेली, बाय," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तिच्या पैशात चोरीचा माल न्हाय घ्यायचा. वरिजनल घे."

बाबांपुढे बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती. मी वरिजनल घेतलं. एक खोका आला. त्यात सीडी, इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक आणि काडेपेटीएवढा एक ठोकळा होता. त्याला डोंगल म्हणायचे. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची जुनी रुंद पिन लावायची जागा असते, तिथे तो लावायचा. तो असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. झाडू मारताना धक्का लागून तो जरा सैल झाला की समोरचं डिझाइन जाग्यावर गोठायचं आणि पडद्यावर इंग्रजीत इशारा यायचा, तुम्ही अधिकृत वापरकर्ते नाही. जिने पैसे भरले होते तिलाच हे विचारलं जायचं. चोरीच्या सीडीला कुणी काही विचारत नव्हतं, कारण ज्याने ती फोडली होती त्याने हे कुलूपच काढून टाकलं होतं.

तेव्हापासून गल्लीत माझं नाव पडलं ओरिजिनलवाली. सुरुवातीला चेष्टेत. "ओरिजिनलवाली ताईंना विचारा, कंपनी त्यांच्या ओळखीची आहे."

दुपारी लाइट गेली की आम्ही सगळे चहाच्या टपरीवर जमायचो. भारनियमन असायचंच. आजूबाजूचे यंत्रमाग थांबायचे, आणि त्या खटखटीची इतकी सवय झालेली असायची की ती बंद पडली की आमचे आवाज आम्हालाच मोठे वाटायचे. तिथे दुसरं काही बोलणं नसायचंच. नव्या व्हर्जनमध्ये केलेलं जुन्यात उघडत नाही, तेव्हा सेव्ह करताना खालचं व्हर्जन निवड. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून दे, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी चालतं. कुणी सांगायचं नव्या आवृत्तीत सावली आपोआप पडते, कुणी सांगायचं पारदर्शक रंग देता येतो पण छापताना त्या जागी पांढरा चौकोन येतो. या बाबतीत आम्ही एकमेकांचे शिक्षक होतो. कंपनीने आम्हाला कधी काही शिकवलं नाही.

त्या टपरीवर एक चाचा यायचे. उर्दू कंपोझिंग करायचे, शादीचे रुक्के म्हणजे निमंत्रणं, मदरशांची पत्रकं, मुशायऱ्यांची पोस्टरं. तरुणपणी ते हाताने कलम चालवायचे, मग कॉम्प्युटरवर आले. त्यांच्याकडेही विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं, दुसऱ्या कंपनीचं, उर्दूचं. त्यालाही डोंगल होता. "बेटी, हम दोनों ताला लगवा के बैठे हैं," ते म्हणायचे, "और चाबी किसी और के पास है."

माझी तक्रार एका अक्षराची होती. 'सार्‍यांनी यायचं हं' हे आमच्याकडच्या हळदीच्या पत्रिकेत असतंच. त्यातला तो अर्धा र माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट यायचा नाही. कधी रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायचा, 'सार्यांनी'. मी तो दुसऱ्या अक्षरातून कापून, हाताने जोडायचे. आडनावांत तर जास्तच पंचाईत. आगरी घरातल्या हळदीला पत्रिकेवर गावातली निम्मी माणसं नावानिशी असतात, आणि एकाचं नाव चुकलं तर मांडवात भांडण. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करायचे. तिथले लोक खोक्यावरचा नंबर विचारायचे, मी सांगायचे. तक्रार नोंदवली असं ते म्हणायचे. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत फुलपाखरांचा नवा संच आला. र तसाच राहिला.

तरी माझं बरं चाललं होतं. कारण पत्रिका मी मन लावून करायचे आणि वज्रेश्वरीकडच्या गावांतूनसुद्धा लोक यायचे.

मग एका उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, लाइट आली ती अशी आली की तीन दुकानांतले पंखे जळाले आणि माझा कॉम्प्युटर गेला. दुरुस्तीवाल्याने उघडून वास घेतला आणि झाकण लावलं. "मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क वाचली, ताई, नशीब समजा."

नवा कॉम्प्युटर घेतला. पातळ, काळा, चकचकीत. दुकानात आणून मागची बाजू बघितली तर डोंगल लावायची जागाच नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, आता ती पिन बंद झाली, सगळं यूएसबी. त्याने कुठूनतरी जोडायची वायर आणली. ठोकळा त्या वायरीला लागला, पण नव्या कॉम्प्युटरने त्याला ओळखलंच नाही. सॉफ्टवेअर उघडून त्याच इशाऱ्यावर थांबायचं. तुम्ही अधिकृत वापरकर्ते नाही.

मी हेल्पलाइनला फोन केला. एका मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅम, तुमच्या नव्या सिस्टिमला ते व्हर्जन सपोर्ट करत नाही."

"सॉफ्टवेअर उघडतंय. फक्त कुलूप ओळखत नाही."

"मॅम, तो लॉक आता डिस्कंटिन्यू आहे. तुम्हाला अपग्रेड घ्यावं लागेल."

"कुलूप तुम्ही दिलं होतं ना? मग बदलून द्या. मी कुलूप विकत घेतलं नव्हतं, मी सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं."

"मॅम, लायसन्स लॉकवर असतं."

"मग नव्या व्हर्जनमध्ये माझ्या जुन्या पत्रिका उघडतील?"

बिचारी खरं बोलली. "फॉन्ट बदललेत, मॅम. टेक्स्ट परत टाइप करावं लागेल."

मी फोन ठेवला. हार्ड डिस्कवरच्या माझ्या साऱ्या पत्रिका मी दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. कारण ती अक्षरं त्या कंपनीच्या फॉन्टनेच मराठी व्हायची. माझी कामं, मी जोडलेले ते सगळे अर्धे र, आणि ते बघायलासुद्धा मला त्यांची परवानगी लागत होती.

फ्लेक्सवाला दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "ताई, माझी सीडी टाका. नव्या कॉम्प्युटरवर पण चालते. तिला कुलूपच नाही."

हे सगळ्यात लागलं. चोराची प्रत नव्या कॉम्प्युटरवर धावत होती आणि माझी दारात अडली होती. मी नाही म्हटलं. बाबांचं ऐकून म्हणा, नाहीतर हट्टाने. पण पत्रिका तर द्यायच्या होत्या, लग्नं माझ्यासाठी थांबणार नव्हती. म्हणून मी माझी हार्ड डिस्क घेऊन त्याच्या दुकानात जाऊन बसले. सकाळी त्याचे फ्लेक्स सुरू होण्याआधी त्याच्या कॉम्प्युटरवर माझं काम करायचे. त्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. चहासुद्धा तोच मागवायचा.

त्याच सुमारास कंपनीने भिवंडीत मेळावा ठेवला. कल्याण नाक्याजवळचं एक सभागृह, समोसे, पडद्यावर नवीन आवृत्ती. दारातल्या टेबलावर काचेचा मोठा वाडगा होता. त्यात आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकायचं आणि कंपनीचं नाव छापलेला कॉफीचा मग घ्यायचा. सगळ्या गल्लीने कार्डं टाकली आणि कॉफीचे मग घेतले. मीही टाकलं.

कंपनीचा प्रतिनिधी माझ्याच वयाचा होता, मराठी होता, टाय लावलेला. त्याने फुलपाखरं उडवून दाखवली, अक्षरांना सोन्याचा मुलामा दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने विचारलं, काही प्रश्न?

मी उभी राहिले. जुन्या कुलपाचं विचारलं, जुन्या फाइलींचं विचारलं. "आणि एक अक्षर टाइप करून दाखवा. सार्‍यांनी."

त्याने टाइप केलं. पडद्यावर आलं 'सार्यांनी', केवढं मोठं, सोन्याच्या मुलाम्यात.

कुणीतरी मागून हसलं. तो म्हणाला, "मॅडम, ही सूचना मी वर कळवतो."

मग चाचा उठले. त्यांनी शांतपणे विचारलं की यात उर्दू कधी येईल, उजवीकडून डावीकडे.

"सर, उर्दूचं मार्केट लहान आहे."

चाचा म्हणाले, "भिवंडी में खड़े होकर कह रहे हो, बेटा."

आता तो चिडला. त्याने माइक जवळ घेतला. "मी एक विचारतो. इथे बसलेल्यांपैकी ओरिजिनल सॉफ्टवेअर कुणाकडे आहे? हात वर करा."

माझा हात वर गेला. चाचांचा गेला, त्यांचं दुसऱ्या कंपनीचं असूनही. बाकी सभागृह हातातल्या मगांकडे बघत होतं. मग एक जण हसला आणि सगळेच हसले. तोही हसला. "मग सांगा, मी सपोर्ट कुणाला देऊ?"

"मला," मी म्हटलं. "मी पैसे दिलेत. मला द्या."

हसू आणखी वाढलं. ज्यांच्यासाठी मी बोलत होते असं मला वाटत होतं तेच हसत होते. अर्धा र त्यांनाही छळायचा. तेही ब्लेडने कापावा तसा तो कापून जोडायचे. पण माझ्या बाजूने एक माणूस बोलला नाही, कारण बोलायचा हक्क पैशाने येतो असं त्या टायवाल्याने सांगून टाकलं होतं आणि पैसे त्यांनी दिले नव्हते. आणि ज्या एकीने दिले होते तिला बोलून उपयोग नव्हता. चाचांनी माझा मग माझ्या हातातून घेतला आणि खुर्चीवर ठेवला. "चल बेटी."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गल्लीत जीप आली. पोलीस होते, आणि बरोबर फाइल घेतलेली दोन माणसं, कंपनीच्या वतीने. ते सरळ दुकानं हेरत आले. माझ्याकडे आले तेव्हा मी खोका, पुस्तक, पावती आणि तो ठोकळा टेबलावर ठेवला. एकाने माझा नवा कॉम्प्युटर उघडून पाहिला. अडलेलं सॉफ्टवेअर मी केव्हाच काढून टाकलं होतं, त्यात काहीच नव्हतं.

"सॉफ्टवेअर कुठंय?"

"तुमच्या कंपनीला विचारा," मी म्हटलं.

त्याने खोका परत दिला आणि ते शेजारी गेले. ते फ्लेक्सवाल्याचा कॉम्प्युटर उचलायला लागले तेव्हा मी मध्ये जाऊन उभी राहिले. "यात माझ्या गिऱ्हाइकांचं काम आहे. माझी डिस्क आहे याच्यात. मी अधिकृत आहे, तुम्हीच आत्ता बघितलंत."

"मॅडम, बेकायदा मशीनमध्ये जे आहे ते सगळं जप्त."

डिस्क गेली. गावागावांच्या हळदी, साखरपुडे, बारशी, सगळं जीपमध्ये गेलं. एका घरची पत्रिका दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. त्या घरातली बाई माझ्या दुकानात येऊन जे बोलली त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. मी पंचांगावर नजर लावून ऐकून घेतलं.

पण ते काहीच नाही. दुसऱ्या दिवशी लाइट गेल्यावर मी टपरीवर गेले तर बोलणं थांबलं. मला कळायला वेळ लागला. जीप आली, सगळ्यांचे कॉम्प्युटर गेले, माझा राहिला. मेळाव्यात उभी राहून कंपनीशी बोलले ती मी. तेव्हा खबर देणारी कोण?

"माझी डिस्क पण गेली," मी म्हटलं.

"डिस्क कुणाच्या मशीनमध्ये होती?" एक जण म्हणाला. "तिथे रोज बसून काय बघत होतात?"

मी फ्लेक्सवाल्याकडे पाहिलं. तो ग्लासात बघत होता.

चाचांनी त्यांना सुनावलं. "सब ने अपना पता खुद डाला उस बर्तन में. एक मग के बदले. और फिर सब के सामने हाथ नीचे रखा. इसमें मुखबिर की क्या ज़रूरत थी?"

इतकं साधं होतं ते. दुकानाचं नाव, पत्ता, फोन, सगळं आम्ही आमच्या हाताने दिलं होतं. एकेक जण ग्लास ठेवून निघाला. पटलं असेल. पण पटलं म्हणावं तर स्वतःला मूर्ख म्हणावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा मला खबरी म्हणणं सोपं होतं. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांनाही ते सांगायला लागले, ओरिजिनलवालीकडे जपून जा, पोलिसांची बाई आहे.

संध्याकाळी मी फ्लेक्सवाल्याच्या रिकाम्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. "दादा, तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्ही नाही केलं, ताई. मला माहितीये."

"मग ते टपरीवर सांगा."

त्याने शटरकडे पाहिलं. "माझी केस अडकलीय. सगळे मिळून वकील करतायत. आत्ता मी वेगळं बोललो तर मला बाहेर काढतील."

मला कंपनीचा राग होताच. कंपनी लांब होती, तिला चेहरा नव्हता. पण हा माणूस मला चहा पाजायचा, आणि खरं माहीत असून गप्प बसला. त्याचा राग आजही माझ्या पोटात तसाच आहे. वय झालं की राग ओसरतो म्हणतात. माझा ओसरला नाही, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

मी दुकान सोडलं. बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते ओट्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "माझा चुकला का बाय?"

"नाही," मी म्हटलं. त्यांच्यावर मी कधीच रागावले नाही. खरं तर एवढ्या सगळ्यात सरळ वागलेलं माणूस तेच होते.

कोनला, घराच्या पुढच्या खोलीत, कल्याण रोडकडे तोंड करून मी नवा बोर्ड लावला. चाचांचं सॉफ्टवेअरही त्याच वर्षी बंद पडलं. ते बनवणारी कंपनीच बंद झाली, तक्रार करायलाही कुणी उरलं नाही. त्यांच्या भाच्याने एक फुकटचा प्रोग्रॅम आणून दिला, जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेला. डोंगल नाही, नंबर नाही, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारा. चाचा रिक्षाने कोनला आले आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे त्यापुढे बसलो. उर्दू उजवीकडून डावीकडे आली. माझा अर्धा र पहिल्या फटक्यात आला. मला आनंद व्हायला हवा होता. मी टेबलावर हात आपटला. म्हणजे जमत होतं. इतकी वर्षं मी कापून जोडत होते ते फुकटात काम करणाऱ्या माणसांनी सहज केलं होतं, आणि पैसे घेणाऱ्यांनी मला फुलपाखरं दिली.

"पानी पी," चाचा म्हणाले.

त्या प्रोग्रॅमातही उणिवा होत्या. ऑफसेट छपाईला चार रंग वेगळे काढून द्यावे लागतात, ते त्यात व्हायचं नाही. भरपूर मजकूर टाकला की तो धापा टाकायचा. त्याच्या वापरकर्त्यांचं इंटरनेटवर एक चर्चापान होतं. मी मोडक्या इंग्रजीत तिथे लिहिलं. कुठल्याशा थंड देशातल्या माणसाने उत्तर दिलं की चार रंगांचं काम अवघड आहे, लवकर होणार नाही, पण मराठीत आणखी कुठलं अक्षर अडतंय ते नमुन्यासह पाठव. मी पाठवलं. चार रंगांचं काही जमलं नाही. पण मार्केट लहान आहे असं मला तिथे कुणी म्हटलं नाही.

एकरंगी पत्रिका मी घरीच स्क्रीनवर छापते. चार रंगांचं काम आलं की फाइल बाहेर द्यावी लागते, आणि या भागात रंग सर्वांत चांगले अजूनही त्या फ्लेक्सवाल्याकडे निघतात. त्याने आता मोठं ऑफसेट मशीन घेतलंय. मी पीडीएफ पाठवते, रंग तिथेच वेगळे काढतात, माझा माणूस जाऊन माल घेऊन येतो. त्याला फाइलीत काही अडलं तर तो त्या माणसाला सांगतो, मी त्या माणसाला उत्तर देते. गेल्या खेपेला त्याने निरोप पाठवला होता, ताईंना म्हणावं एकदा चहाला या. मी गेले नाही. पत्रिका मात्र उत्तम छापल्या होत्या, त्या मी मोजून गिऱ्हाइकाच्या हातात दिल्या.